पिसाने झटकलेला बर्फ

वातानुकूलन यंत्राच्या रिमोटवर एक छोटी खूण असते: सहा हातांची नक्षीदार चांदणी. फ्रीजरच्या दारावर आणि डिसेंबरात सजवलेल्या दुकानांच्या काचांवरही तीच चांदणी दिसते. तिचा अर्थ थंडी, तिचा अर्थ बर्फ, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. गंमत अशी, की आपल्यापैकी बहुतेकांनी ती आकाशातून उतरताना कधी पाहिलेली नाही. महाराष्ट्रात आकाशातून बर्फ येतो तो गारांच्या रूपाने, आणि गारेला हात नसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती द्राक्षबागेवर किंवा काढणीला आलेल्या गव्हावर कोसळते तेव्हा तिच्या आकाराचे कौतुक करायला कोणाला उसंत नसते. तरीही शाळेतल्या मुलाला बर्फाचे चित्र काढायला सांगा, ते सहा रेघांची चांदणीच काढील.

ही चांदणी आपल्या डोळ्यांत कोठून येऊन बसली, या प्रश्नाच्या मागे जाताना मी अमेरिकेतल्या एका शेतकऱ्यापाशी पोहोचलो. सहा हातांचा बर्फ त्याच्याही आधी माहीत होता, पण त्याचे छायाचित्र, म्हणजे ‘हे असेच असते’ असा पुरावा, जगाच्या हाती प्रामुख्याने त्याने दिला. त्याची कथा नेहमी एका ध्यासवेड्याची कथा म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. परंतु तिच्या पोटात एक वाद दडलेला आहे. बर्फाचा कण काही मिनिटांत नाहीसा होतो, त्याचे चित्र मात्र शंभर वर्षे राहते. मग चित्रासाठी कोणता कण निवडायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे ठरवणाऱ्याच्या हाती फार मोठी सत्ता येते. ती सत्ता कशी वापरली गेली, हा या लेखाचा विषय आहे.

*

बर्फाच्या कणाला सहा बाजू असतात ही नोंद चीनमध्ये इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हान यिंग या विद्वानाने केलेली आढळते. युरोपात १६११ साली योहान्नेस केप्लरने प्राग येथे याच विषयावर एक छोटेखानी पुस्तिका लिहिली आणि आपल्या आश्रयदात्याला नववर्षाची भेट म्हणून दिली. सहाच का, पाच किंवा सात का नाही, असा त्याचा प्रश्न होता. गोळे एकमेकांना खेटून रचले तर षटकोनी मांडणी होते, इथपर्यंत तो पोहोचला आणि पुढचे काम भावी पिढ्यांवर सोपवून थांबला. पाण्याचे रेणू बर्फात षटकोनी जाळीने बांधले जातात हे सिद्ध व्हायला क्ष-किरणांची वाट पाहावी लागली.

रॉबर्ट हूकने १६६५ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले हिमकण काढून दाखवले. देवमाशांच्या शिकारीसाठी उत्तर ध्रुवीय समुद्रात जाणारा कप्तान विल्यम स्कोर्सबी याने १८२० साली बर्फाच्या जवळपास शंभर आकृत्या प्रसिद्ध केल्या. जपानमध्ये कोगा संस्थानचा अधिपती दोइ तोशित्सुरा याने डचांकडून आलेल्या सूक्ष्मदर्शकाने वर्षानुवर्षे बर्फ न्याहाळला आणि १८३२ मध्ये ८६ आकृत्यांचे पुस्तक काढले. त्यातल्या नक्ष्या पुढे किमोनोच्या कापडावर आणि चहाच्या भांड्यांवर उतरल्या.

या साऱ्यांची अडचण एकच होती. कण काचेवर घेतला, की तो विरू लागतो. सहा हात सावकाश पाहून काढायला सवड मिळत नाही. मग चित्रकार एक हात नीट पाहतो आणि उरलेले पाच त्याच्यासारखेच असणार असे धरून पूर्ण करतो. रांगोळीत आपण एक पाकळी ठरवतो आणि बाकीच्या ठिपक्यांच्या हिशेबाने भरत जातो, तसेच हे. निसर्गाने एखादा हात अर्धवट सोडला असेल, तर चित्रकाराचा हात तो भरून काढतो. कॅमेरा आला तेव्हा अपेक्षा ही होती, की तो असे काही भरून काढणार नाही.

*

विल्सन बेंटलीचा जन्म ९ फेब्रुवारी १८६५ रोजी व्हरमाँट राज्यातल्या जेरिको या गावी झाला. व्हरमाँट हा अमेरिकेच्या ईशान्येकडचा डोंगराळ, गाईगुरांचा मुलूख, आणि तिथला हिवाळा लांबलचक. आई पूर्वी शाळेत शिकवत असे. विल्सनचे बरेचसे शिक्षण तिनेच घरी केले. तो १५ वर्षांचा असताना तिने आपला जुना सूक्ष्मदर्शक त्याला दिला. पोराने त्याखाली हिमकण धरले आणि तो ते कागदावर उतरवू लागला. दोनतीन हिवाळे आकृत्या काढल्यावर त्याला उमजले, की हाताने हे काम पुरे व्हायचे नाही.

सूक्ष्मदर्शक आणि कॅमेरा एकत्र जोडायची सामग्री त्या काळी १०० डॉलरच्या घरात होती. दूधदुभत्यावर चालणाऱ्या घराला ही रक्कम लहान नव्हती. वडिलांना हे सगळे खूळ वाटत होते. तरी बायकोच्या आग्रहापुढे त्यांनी पैसे मोजले. त्यानंतरही काचपट्टीवर धड चित्र उमटायला बराच काळ गेला. १५ जानेवारी १८८५ रोजी, विसावे वर्ष पुरे व्हायला तीन आठवडे असताना, बेंटलीला एका हिमस्फटिकाचे पहिले स्पष्ट छायाचित्र मिळाले.

त्याची पद्धत पुढे ४६ वर्षे जवळजवळ तीच राहिली. बर्फ पडू लागला, की तो काळा रंग दिलेली लाकडी फळी घेऊन दाराबाहेर धरायचा. फळीवर उतरलेले कण भिंगातून पाहायचा. एखादा मनात भरला, तर बारीक काडीने तो उचलून काचपट्टीवर ठेवायचा आणि पक्ष्याच्या पिसाने हलकेच दाबून सपाट बसवायचा. काम शेकोटी नसलेल्या खोलीत, सर्व साहित्य बाहेरच्याइतकेच गार, हातांत जाड मोजे आणि श्वास रोखलेला. कारण तोंडाची वाफ कणाला पुरेशी होती. बर्फ नुसता वितळूनच जातो असे नाही. शून्याच्या खाली, कडक थंडीतही त्याच्या टोकांवरून वाफ उडत राहते आणि धारदार कोपरे बोथट होत जातात. कॅमेऱ्याचे तोंड खिडकीकडे, आकाशाच्या उजेडाकडे. सूक्ष्मदर्शकातून येणारा उजेड इतका थोडा, की काच उघडी ठेवायची ती काही सेकंदांपासून तब्बल शंभर सेकंदांपर्यंत.

फळीवर मनाजोगा कण नसेल तर? मग तो पिसाने फळी झटकायचा आणि पुन्हा बाहेर धरायचा. या झटकण्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

*

बेंटलीला ‘हिमकणवाला’ म्हणून ओळखतात, त्यामुळे त्याच्या वर्षातले उरलेले महिने झाकले जातात. वास्तविक तो पाण्याच्या सगळ्या रूपांच्या मागे होता आणि ऋतू फिरला, की त्याच्या कॅमेऱ्याचा विषय फिरत असे.

शरद ऋतूत पहिली कडक थंडी पडली, की गवताच्या पात्यांवर, खिळ्यांवर, पिंपांतल्या पाण्यावर बर्फ धरायचा. त्याचे वेगवेगळे प्रकार तो टिपायचा. हिवाळ्यात बाहेर हिमस्फटिक आणि आत खिडकीच्या काचांवर उमटणारी नेच्याच्या पानांसारखी नक्षी. मार्चमध्ये मेपलच्या झाडांचा रस काढून उकळायचा हंगाम. उन्हाळ्यात गवतकापणी, आणि पहाटे कोळ्याच्या जाळ्यांवर लटकलेले दवाचे थेंब. दव आणि गोठलेले दव यांच्यात फरक तापमानाच्या एखाद-दोन अंशांचा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावापाशी दवबिंदू गोठल्याचे छायाचित्र वर्तमानपत्रांत छापून येते, ते याच सीमारेषेवरचे असते. बेंटलीने १९०७ साली या विषयावर स्वतंत्र लेखमाला लिहिली.

पावसाचे मात्र छायाचित्र घेता येईना. पडत्या थेंबाला पकडण्याइतका वेगवान कॅमेरा त्याच्याकडे नव्हता. मग त्याने एक घरगुती उपाय शोधला. उथळ परातीत इंचभर जाडीचा बारीक पिठाचा थर पसरायचा, परात काही क्षण पावसात धरायची आणि झाकायची. प्रत्येक थेंबाभोवती पिठाची गोळी तयार होते. ती वाळली, की मोजायची. उंचीवरून ठरावीक आकाराचे थेंब पिठावर टाकून त्याने आधी खात्री करून घेतली होती, की गोळीचा आकार आणि थेंबाचा आकार जुळतो. १८९८ ते १९०४ या काळात सत्तरएक पावसांत त्याने अशी साडेतीनशेच्या आसपास मोजमापे घेतली. मोठ्यात मोठे थेंब पाव इंचाच्या घरात निघाले. त्याचबरोबर कोणत्या ढगातून कोणत्या आकाराचे थेंब येतात, विजा चमकत होत्या की नव्हत्या, याच्याही नोंदी केल्या. त्यावरून १९०४ साली त्याने मांडले, की काही पाऊस ढगातले थेंब एकमेकांत मिसळून तयार होतो, तर काही पाऊस म्हणजे वर तयार झालेला आणि खाली येताना वितळलेला बर्फ असतो. शेतावरच्या परातीतून काढलेला हा निष्कर्ष मूलतः बरोबर होता. तो हवामानशास्त्रज्ञांनी गांभीर्याने घ्यायला दशके लागली. पिठाची युक्ती मात्र पुढे जमिनीची धूप अभ्यासणाऱ्यांनीही वापरली.

१८९८ साली व्हरमाँट विद्यापीठातले प्राध्यापक जॉर्ज पर्किन्स यांच्या मदतीने त्याचा पहिला लेख एका लोकप्रिय विज्ञान मासिकात आला. १९०२ मध्ये अमेरिकी हवामान खात्याच्या मासिकाने त्याचा दीर्घ लेख दोनशेहून अधिक छायाचित्रांसह छापला. १९०३ मध्ये त्याने सुमारे ५०० छायाचित्रे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे जपणुकीसाठी धाडली. शाळा, विद्यापीठे, दागिन्यांचे आणि कापडाचे नक्षीकार त्याच्याकडून चित्रे मागवत. काचपट्टीची एक प्रत तो पाच सेंटला देत असे. १९२४ साली अमेरिकी हवामानशास्त्र संस्थेने आपले पहिले संशोधन-अनुदान त्याला दिले: २५ डॉलर.

*

आता वादाकडे. हिमस्फटिक पारदर्शक असतो. आकाशाच्या उजेडात त्याचे छायाचित्र घेतले, की फिकट पार्श्वभूमीवर फिकट आकृती उमटते आणि कडा नजरेतून निसटतात. बेंटलीने यावर तोड काढली ती अशी: मूळ निगेटिव्ह बाजूला ठेवून तिची दुसरी प्रत करायची, आणि त्या प्रतीवर स्फटिकाच्या कडेकडेने धारदार चाकू फिरवून बाहेरचा रसायनाचा थर खरवडून टाकायचा. खरवडलेली जागा कागदावर काळीभोर येते. काळ्या मखमलीवर ठेवलेल्या हिऱ्यासारखे त्याचे जे हिमकण आपण पाहतो, त्यांची काळी मखमल अशी चाकूने केलेली आहे. एकेका प्रतीला कित्येक तास लागत.

जर्मन हवामानशास्त्रज्ञ गुस्टाव्ह हेलमान याला हे मान्य नव्हते. त्याने स्वतः १८९३ साली हिमस्फटिकांवर पुस्तक काढले होते आणि त्यासाठी बर्लिनचा डॉक्टर रिखार्ड नॉयहाउस याने सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घेतली होती. जुन्या आकृत्यांत दिसणारी निर्दोष सममिती या छायाचित्रांत नव्हती. कोणाचा एक हात आखूड, कोणाच्या फांद्या एका बाजूला दाट. हेलमान आधी थोडा हिरमुसला. मग त्याने ठरवले, की हेच खरे. जे दिसले ते जसेच्या तसे स्वीकारायचे. अशा माणसाला बेंटलीची चित्रे पटणे कठीण होते. कड चाकूने ठरत असेल, तर ती निसर्गाची कड कशावरून, असा त्याचा आक्षेप. बेंटलीने उत्तर दिले ते असे, की चित्र निसर्गाशी अधिकाधिक इमानी असावे हीच खऱ्या वैज्ञानिकाची इच्छा असते, आणि खरवडण्याने ते साधत असेल तर खरवडणे योग्यच आहे.

मी दोन्ही बाजू वाचल्या तेव्हा मला वाटले, की हे दोघे चाकूवरून भांडत राहिले आणि पीस विसरले. चाकूने फार तर कडेचा केसभर भाग इकडेतिकडे झाला असेल. स्फटिकाच्या आतली नक्षी बेंटलीने बदलली नाही. शिवाय मूळ निगेटिव्ह शाबूत होती, म्हणजे पडताळायची वाट मोकळी होती. पिसाने झटकलेल्या कणांची मात्र कोणतीच निगेटिव्ह नव्हती. ते तुटके, लठ्ठ, एकमेकांना चिकटलेले, दाणेदार, एका हाताने लंगडे कण हाच खरे तर हिमवर्षावाचा मोठा भाग असतो. त्यांना काळ्या फळीवरूनच निरोप मिळाला. प्रत्येक छायाचित्र खरे, आणि सगळी मिळून उभा राहणारा बर्फ मात्र खऱ्यापेक्षा कितीतरी देखणा.

तरीही बेंटलीला सौंदर्याचा भाबडा भक्त ठरवून मोकळे होणे मला अन्याय्य वाटते. तो प्रत्येक वादळाची नोंद ठेवत असे: तापमान, वारा, ढगांचा प्रकार, कण वादळाच्या कोणत्या बाजूकडून आले. १९०२ च्या लेखात त्याने कणांच्या आकाराची सांगड हवेच्या थंडीशी आणि ढगांच्या उंचीशी घालायचा प्रयत्न केला आहे. म्हणजे चित्र हे त्याच्या लेखी निरीक्षणाचा एक भाग होते. पण नोव्हेंबर १९३१ मध्ये त्याचे मोठे पुस्तक निघाले, त्यात २४०० हून अधिक छायाचित्रे पानांमागून पानांवर मांडलेली आहेत आणि त्यांच्या खाली ना तारीख आहे ना तापमान. प्रस्तावना हवामान खात्यातला भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हम्फ्रीज याची आहे. वाचकासमोर आला तो ऋतूपासून, वादळापासून, जेरिकोपासून सुटा झालेला बर्फ. रिमोटवरच्या खुणेपर्यंतचा त्याचा प्रवास मग सोपा होता.

पुस्तक हाती आल्यावर काही आठवड्यांतच बेंटली बर्फाच्या वादळातून काही मैल चालत घरी आला, न्यूमोनियाने आजारी पडला आणि २३ डिसेंबर १९३१ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी वारला. पाच हजारांहून अधिक हिमस्फटिकांची छायाचित्रे त्याच्या मागे राहिली.

*

जपानमध्ये होक्काइदो बेटावरच्या विद्यापीठात उकिचिरो नाकाया नावाचा तरुण प्राध्यापक १९३० साली रुजू झाला होता. लंडनमध्ये क्ष-किरणांचे काम केलेल्या या माणसाला साप्पोरोत हवी तशी प्रयोगशाळा मिळाली नाही. बर्फ मात्र हवा तेवढा होता. बेंटलीच्या पुस्तकाने त्याला भुरळ घातली आणि त्याच वेळी एका उणिवेची जाणीव करून दिली: या सुंदर कणांच्या अवतीभवती काय पडत होते? तोकाची पर्वतावरच्या लाकडी झोपडीत मुक्काम करून नाकाया आणि त्याचे सहकारी जे पडेल ते टिपू लागले. सुया, ठेंगणे खांब, खांबाच्या दोन्ही टोकांना चकत्या लागलेले बटणासारखे कण, बारा हातांचे कण, गोठलेल्या थेंबांनी माखलेले गोळे. जवळपास ३००० छायाचित्रांतून त्याने बर्फाचे वर्गीकरण केले. निर्दोष सहा हातांचा कण हा त्या वर्गीकरणातला एक प्रकार, आणि तोही विरळा.

त्यानंतर त्याने स्वतःच बर्फ घडवायचे ठरवले. थंड खोलीत कोमट पाण्याची वाफ वर चढवून तिच्या वाटेत धागा टांगायचा. लोकर, कापूस, रेशीम, कोळ्याच्या जाळ्याचा तंतू, सगळे करून पाहिले. धाग्यावर सुरवंटासारखा बर्फाचा थर जमायचा, सुटा कण काही तयार होईना. अखेर सशाच्या केसाने काम केले. त्या केसावर जागोजाग बारीक गाठी असतात, आणि एकेका गाठीवर एकेक स्फटिक स्वतंत्र वाढू शकतो. १२ मार्च १९३६ रोजी माणसाने बनवलेला पहिला हिमस्फटिक सशाच्या केसाच्या टोकावर उमलला.

मग तापमान आणि हवेतली वाफ कमीजास्त करून नाकायाने नियम शोधला. शून्याच्या जरा खाली पातळ चकत्या, उणे ५ अंशांच्या आसपास सुया आणि खांब, उणे १५ च्या आसपास भरपूर वाफ असेल तर नक्षीदार चांदण्या, त्याहून फार खाली पुन्हा खांब. कण ढगातून उतरताना वेगवेगळ्या थरांतून जातो आणि प्रत्येक थराची खूण अंगावर घेतो. सहाही हात एकाच वाटेने आलेले असतात, म्हणून ते एकमेकांसारखे. दुसरा कण थोड्या निराळ्या वाटेने आलेला असतो, म्हणून तो निराळा. या नियमानुसार देखण्या कणाकडून वरच्या हवेबद्दल जितके कळते, तितकेच सुईकडून आणि बेढब खांबाकडूनही कळते. बेंटलीने झटकलेल्या कणांना नाकायाने असा अर्थ दिला.

जपानमध्ये या दोन नजरांची ओळख जुनी होती. दोइ तोशित्सुराच्या नाजूक आकृत्यांपैकी काही, सुझुकी बोकुशी या एचिगो प्रांतातल्या व्यापारी-लेखकाने १८३७ साली आपल्या पुस्तकात छापल्या आणि पुढची पाने घरे गाडणाऱ्या, माणसे मारणाऱ्या बर्फाच्या वर्णनाने भरून टाकली. उबदार प्रांतातले लोक बर्फाकडे मौज म्हणून पाहतात, आम्हाला तो छपरावरून उपसावा लागतो, असा त्याचा सूर आहे. नाकायाने १९३८ च्या आपल्या बर्फावरच्या पुस्तकाची सुरुवात स्फटिकांपासून न करता बर्फाने माणसांवर आणलेल्या संकटांपासून केली आणि बोकुशीची आठवण ठेवली. छप्पर मोडते ते एकमेकांत अडकलेल्या साध्या, बिनचेहऱ्याच्या बर्फाच्या वजनाने.

*

हा सगळा परक्या मुलखातला विषय वाटेल. पण बेंटलीच्या परातीतल्या पिठाने सांगितलेली गोष्ट सोलापूरलाही लागू आहे. मोसमी ढगांत साधारण पाच किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली जाते. जे ढग त्या पातळीच्या वर चढतात त्यांच्यात जून-जुलैतही बर्फ तयार होतो आणि आपल्या अंगावर पडणाऱ्या पावसातला काही भाग वर कधीतरी बर्फ असतो. कोणत्या ढगात बर्फ होतो, किती होतो आणि तो पावसापर्यंत कसा पोहोचतो, हा पर्जन्यछायेतल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पोटाचा प्रश्न आहे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून विमाने ढगांत पाठवून यावर अभ्यास सुरू केला. २०१८ आणि २०१९ मध्ये हे काम सोलापूर परिसरात झाले. विमानाच्या पंखाखाली लावलेल्या उपकरणात प्रकाशाचा एक पट्टा असतो. त्यातून जाणाऱ्या प्रत्येक थेंबाची वा हिमकणाची सावली प्रकाशसंवेदी बिंदूंच्या ओळीवर पडते आणि नोंदली जाते. या सावल्या पाहिल्या तर त्यांत बेंटलीची झळाळी मुळीच नाही. खडबडीत कडांचे काळे ठिपके, काही गोल, काही लांबट, काही कशासारखेच नाहीत. भिंतीवर लावावे असे त्यांतले एकही नाही. पण या उपकरणाला पीस नाही. समोरून जे गेले ते त्याने घेतले.

मग बेंटलीचे काम या यंत्रापुढे फिके पडते का? मला तसे वाटत नाही. नाकायाने बर्फाकडे वळावे यासाठी बेंटलीचे पुस्तक लागले, आणि त्या पुस्तकासाठी निवडणारा डोळा लागला. देखणा कण पाहून माणूस थांबतो. थांबल्यावरच तो शेजारच्या लंगड्या कणाकडे पाहण्याची शक्यता निर्माण होते. चूक निवडण्यात नसते. निवडलेल्या चित्रांना सगळा निसर्ग समजण्यात असते, आणि ती चूक बहुधा चित्र काढणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्याची असते. आज ऋतू बदलले की आपल्या हातातल्या फोनवर पहिल्या हिमवर्षावाची, धुक्याने भरलेल्या दऱ्यांची, फुललेल्या कासच्या पठाराची चित्रे ओघाने येतात. त्यांतले प्रत्येक खरे असते. त्यांच्या आधी किती वेळा फळी झटकली गेली, हे त्यांच्यावर लिहिलेले नसते.

बेंटलीने ते कुठेतरी लिहून ठेवले होते. त्याच्या वह्यांत चित्र न मिळालेल्या दिवसांचीही हवा आहे: वारा कोणता, थंडी किती, बर्फ पडला की नाही. चित्रांची पुस्तके निघाली, त्या वह्या मात्र अभ्यासकांसाठी संग्रहात राहिल्या. पिसाने झटकलेल्या बर्फाचा माग काढायचा असेल, तर तो तिथेच मिळेल.